जनमताची खबर

वर्तमानपत्रं आणि वाहिन्या लोकांचं मत घडवतात, की लोकांनी आधीच बनवलेल्या मताला वाट करून देतात, हा वाद आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने पेटतो. हरलेला पक्ष माध्यमं विकली गेल्याचं सांगतो, जिंकलेला जनतेच्या कौलाचा हवाला देतो. वाद महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर लोकशाहीकडे बघण्याची आपली सगळी दृष्टी अवलंबून आहे. मत वरून ओतलं जात असेल तर मतदान हा देखावा ठरतो. मत खालून उगवत असेल, तर माध्यमांवर एवढा पैसा का ओतला जातो, हे सांगावं लागतं. पुढच्या संवादात ‘अण्णा’ हे पूर्वपक्षाचं नाव आहे. जिल्हा दैनिकात हयात घालवलेला, छापील शब्दाच्या ताकदीवर श्रद्धा असलेला आणि आता त्याच ताकदीची धास्ती वाटणारा हा पत्रकार आहे. त्यांना उत्तर देणारा ‘मी’ राज्यशास्त्राचा शिक्षक. अण्णांचं म्हणणं मी कुठेही पातळ केलेलं नाही, कारण त्यातला बराच भाग खरा आहे.

अण्णा : सर, जनता शहाणी असते, ती कुणाच्या सांगण्याने मत बनवत नाही, असं तुम्ही प्राध्यापक मंडळी म्हणता तेव्हा ऐकायला बरं वाटतं. पण महाराष्ट्राचा इतिहास तुमच्या बाजूने बोलत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा लढा घ्या. आचार्य अत्र्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला आणि एका वर्तमानपत्राने सरकार हलवून सोडलं. रोज सकाळी अग्रलेख यायचा आणि संध्याकाळी सभेत लोक तीच भाषा बोलायचे. दुसरं उदाहरण ‘मार्मिक’चं. १९६० साली एका व्यंगचित्रकाराने साप्ताहिक सुरू केलं आणि सहा वर्षांत त्यातून शिवसेना उभी राहिली. आधी वर्तमानपत्र आणि मग पक्ष, असा हा क्रम आहे. याला मत घडवणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? आणि ही छापील शब्दाची गोष्ट झाली. आता तर चोवीस तास ओरडणाऱ्या वाहिन्या आहेत, खिशात मोबाइल आहे. ज्याच्या हातात माध्यम, त्याच्या हातात माणसांची डोकी.

मी : अण्णा, ‘मराठा’पासूनच सुरुवात करू, पण तारखा समोर ठेवून. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या सप्टेंबरअखेरीस सादर झाला. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला २१ नोव्हेंबर १९५५ ला, त्यात पंधरा माणसं गेली. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा जानेवारी १९५६ मध्ये झाली आणि शहरात पुन्हा रक्त सांडलं. संयुक्त महाराष्ट्र समिती पुण्यात स्थापन झाली ६ फेब्रुवारी १९५६ ला. चिंतामणराव देशमुखांनी त्याच वर्षी अर्थमंत्रिपद सोडलं. ‘मराठा’चा पहिला अंक निघाला १५ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे लोक रस्त्यावर उतरले, मेले, संघटित झाले, आणि त्यानंतर वर्षभराने त्यांचं दैनिक निघालं. ते निघालं तेच मुळी अशासाठी, की मालकवर्गाच्या मोठ्या दैनिकांवर चळवळीला विसंबता येत नव्हतं. ती दैनिकं जनमत घडवू शकली असती तर लढा १९५५ सालीच विझला असता. आता १९५७ च्या निवडणुकीचा नकाशा बघा. मुंबई शहरात आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. पण गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर द्विभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या. विदर्भातही भाषा मराठीच होती आणि अत्र्यांची मराठी तिथे कुणाला परकी नव्हती. पण मुंबई हातची जाण्याचं दुःख तिथे तसं जिव्हारी लागलेलं नव्हतं, स्वतंत्र विदर्भाची वेगळी आस होती, आणि समितीच्या कार्यकर्त्यांचं जाळंही दाट नव्हतं. ‘मराठा’ प्रामुख्याने मुंबईत खपत होता, म्हणून विदर्भ वेगळा वागला, असं तुम्ही म्हणाल. मग साताऱ्याचं काय? तिथे तरी तो घरोघरी कुठे पोचत होता? त्या काळी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. साताऱ्या-कोल्हापूरकडे मत पोचलं ते सभांतून, अमर शेख आणि अण्णा भाऊ साठ्यांच्या शाहिरीतून, आणि गिरणीतून सुट्टीला गावी आलेल्या माणसाच्या तोंडून. १९०८ सालीही असंच झालं होतं. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यातल्या बहुतेकांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता. चाळीत एकजण वाचायचा, दहाजण ऐकायचे, आणि ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचे. मत तयार व्हायचं ते या बोलण्यात.

अण्णा : म्हणजे वर्तमानपत्र नुसता आरसा? समोर जे असेल ते दाखवायचं, एवढंच? मग अत्रे नसते तरी चाललं असतं असं तुम्ही म्हणताय. हे मी मान्य करणार नाही, सर. आणि ‘मार्मिक’चं उत्तर तुम्ही दिलेलं नाही.

मी : अत्रे नसते तर चाललं नसतं. पण त्यांनी केलेलं काम मत घडवण्याचं नव्हतं, त्याहून वेगळं होतं, आणि माझा सगळा मुद्दा त्या कामाबद्दल आहे. माणसाला स्वतःचं मत ठाऊक असतं, पण शेजाऱ्याचं, पलीकडच्या गावाचं, सगळ्या मुलखाचं मत ठाऊक नसतं. आपण एकटेच असं म्हणतोय की हजारो लोक म्हणतायत, हे कळल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली हीच गोष्ट मांडली. आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस गप्प बसतो, तो गप्प बसल्यामुळे ते मत आणखी क्षीण दिसतं, आणि मग दुसराही गप्प बसतो. ‘मराठा’ने रोज सकाळी लोकांना एकमेकांची खबर दिली. काल शिवाजी पार्कवर किती माणसं होती, कोल्हापुरात काय ठराव झाला, कोण तुरुंगात गेला, हे त्यात असायचं. अत्र्यांच्या घणाघाती भाषेने लोकांना नवा विचार दिला नाही, पण आपला विचार चारचौघांत उघडपणे बोलायची छाती दिली. ‘मार्मिक’चंही तेच. त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांची नावं छापून यायची आणि त्यांत मराठी नावं नसायची. त्या यादीत युक्तिवाद नव्हता, विशेषणं नव्हती, नुसती आडनावं होती. त्या आडनावांवरून एका प्रांताच्या माणसांना गुन्हेगार ठरवणं मला तेव्हाचं आणि आजचंही अन्यायाचं वाटतं. पण ती यादी का लागू पडली हे समजून घेतलं पाहिजे. दादर-परळचा मॅट्रिक झालेला पोरगा नोकरीसाठी वणवण करत होता. ती वणवण ‘मार्मिक’ने निर्माण केली नव्हती. ‘तुझ्यासारखे हजारो आहेत’ हे त्याला ‘मार्मिक’ने सांगितलं. आणि तेवढ्यानेही पक्ष उभा राहिला नाही. तो उभा राहिला शाखांनी, गणेशोत्सव मंडळांनी आणि व्यायामशाळांनी. त्याच काळात चांगली व्यंगचित्रं आणि कडक मजकूर छापणारी इतर नियतकालिकं मराठीत होतीच. त्यांच्यातून पक्ष निघाले नाहीत, कारण त्यांच्यामागे शाखा नव्हत्या. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीतल्या मतदारांशी कित्येक महिने पुन्हा पुन्हा बोलून अभ्यास केला. त्यांनाही हेच आढळलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रांमुळे पक्ष बदलणारे फार थोडे होते. बहुतेकांवर प्रभाव होता तो ओळखीच्या, जाणत्या माणसाचा.

अण्णा : १९४० आणि आज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेचाच दाखला हवा असेल तर अलीकडचा घ्या. तिथे फॉक्स न्यूज १९९६ साली सुरू झाली. ती काही गावांत केबलवर आधी आली, काही गावांत उशिरा. दोन अर्थशास्त्रज्ञांनी या फरकाचा फायदा घेऊन हिशेब मांडला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. जिथे फॉक्स दिसू लागली तिथे रिपब्लिकन पक्षाची मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी वाढली. तुम्हाला हा आकडा चिमुकला वाटेल. पण २००० साली फ्लोरिडा ठरलं ५३७ मतांनी, आणि फ्लोरिडाने देशाचा अध्यक्ष ठरवला. आणि मतांचं सोडा, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा व्हॉट्सअॅपवर होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. तिथे कुठे होता लोकांचा अनुभव? कुठे होती तुमची चाळीतली चर्चा? मोबाइलवर आलं आणि पाच माणसं संपली.

मी : दोन्ही दाखले मला मान्य आहेत आणि दोन्हींनी माझ्या म्हणण्याला मर्यादा घातली आहे. काठावरच्या निवडणुकीत अर्धा टक्काही बाजी उलटवतो. तेव्हा माध्यमांचा मतावर काहीच परिणाम होत नाही, असं मी म्हणणार नाही. राईनपाड्याने तर त्याहून गंभीर गोष्ट दाखवली. ज्या बाबतीत माणसाला स्वतःचा अनुभव असतो, तिथे माध्यमाची मात्रा फारशी चालत नाही. पण जिथे अनुभव नाही, परका माणूस, दूरचा प्रांत, दुसरा धर्म, सीमेपलीकडचा देश, तिथे माध्यम सांगेल ते खरं ठरतं, कारण ताडून बघायला हाताशी काहीच नसतं. त्या पाचजणांना गावात कुणी ओळखत नव्हतं. उलट बाजूचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली मे २०२४ मध्ये. त्या महिन्यांत सरकारच्या कामगिरीच्या जाहिराती आणि चर्चा शेतकऱ्याने बघितल्या नसतील असं नाही. पण लासलगाव बाजार समितीत लिलावाला काय भाव पुकारला गेला, हे त्याला टीव्हीवरून समजून घ्यायचं नव्हतं. लासलगाव ज्या मतदारसंघात येतं त्या दिंडोरीत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. राज्यभरात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या. कारणं अनेक होती, पण मधल्या काळात महिन्याला १,५०० रुपये लाडक्या बहिणींच्या खात्यात जमा होऊ लागले होते आणि ते खात्यात दिसत होते. सहा महिन्यांत वाहिन्या बदलल्या नव्हत्या, अँकर बदलले नव्हते, मोबाइल तेच होते. डोकी माध्यमांच्या मुठीत असती तर कौल एवढा फिरला नसता. या दोन निकालांतला कोणता बरा, हा प्रश्न इथे नाही. दोन्ही वेळा लोकांनी आपापल्या हाताला लागलेली गोष्ट मोजली, एवढंच मला दाखवायचं आहे.

अण्णा : मग काळजी कसली करायची? लोकांना सगळं कळतंच, तर वर्तमानपत्र विकलं गेलं काय आणि वाहिनी सरकारच्या मांडीवर बसली काय! तुमच्या सिद्धान्तात मालकाला आणि मंत्र्याला दोघांनाही मोकळं रान मिळतं.

मी : तसं मुळीच नाही. माध्यमाचा सर्वांत मोठा परिणाम आपण चुकीच्या जागी शोधतो. आपण मतदाराकडे बघतो, बघायला हवं सत्ताधाऱ्याकडे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय असतं. सरकारविषयी छापून आलेल्या मजकुराची कात्रणं सकाळी अधिकाऱ्यांच्या टेबलावर जातात. गावातला नळ तीन महिने कोरडा असेल तर ते गावाला ठाऊकच असतं, त्यांना बातमीची गरज नसते. बातमीची गरज असते जिल्हाधिकाऱ्याला आणि पालकमंत्र्याला, आणि त्यांना पाण्यापेक्षाही ‘हे आता सगळ्यांना कळलं’ या गोष्टीची भीती अधिक असते. टिमथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या सोळा राज्यांचा १९५८ ते १९९२ असा अभ्यास केला. ज्या राज्यांत वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथे पीक बुडालं किंवा पूर आला तर सरकार अधिक तत्परतेने धान्य आणि मदत पोचवतं, असं त्यांना आढळलं, आणि यात भारतीय भाषांतल्या वर्तमानपत्रांचा वाटा मोठा होता. म्हणजे वर्तमानपत्र लोकांची खबर वर नेतं. ती वाट बंद झाली की काय होतं हे १९७७ ने दाखवलं. जून १९७५ पासून देशभर सेन्सॉरशिप होती. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली तेव्हा बंधनं सैल झाली, पण आकाशवाणी आणि दूरदर्शन सरकारच्याच हाती होती. ६ फेब्रुवारीला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती, त्या संध्याकाळी दूरदर्शनने ‘बॉबी’ दाखवला. तरीही मैदान भरलं. निकालात उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. आंध्रात मात्र ४२ पैकी ४१ मिळाल्या आणि आपल्याकडे ४८ पैकी २०. सेन्सॉरशिप तर सगळीकडे सारखीच होती. सारखी नव्हती ती नसबंदीच्या सक्तीची झळ. ती उत्तरेत सर्वांत जास्त बसली. लोकांनी मत बनवलं ते त्या झळीवरून, वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही तरी. अंधारात राहिलं ते सरकार. निवडणूक घेतली तर जिंकू, असं ज्यांना वाटलं, त्यांनी स्वतःच लोकांचा आवाज आपल्यापर्यंत येऊ दिला नव्हता. आणि वर्तमानपत्रं मोकळी असती तर नसबंदीची सक्ती इतके महिने रेटता आली असती का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. जनता १९७७ मध्ये मत देऊ शकली, पण त्याआधीच्या वर्षात ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांना त्या मताने काही परत मिळालं नाही. माध्यम गप्प बसल्याची किंमत ही असते, अण्णा.

अण्णा : या जागी तुमचं-माझं जुळतंय. मग आतली गोष्ट मीच सांगतो. वर्तमानपत्राची छापील किंमत कागद-छपाईलाही पुरत नाही, ते चालतं जाहिरातीवर. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं असतं. त्याने नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायच्या आणि त्यावर कमिशन घ्यायचं. ज्याच्याकडे जाहिरात मागायची, त्याच्याविरुद्ध बातमी तो कशी लिहील? निवडणूक आली की दरपत्रकच निघतं. सभेच्या बातमीला अमुक, मुलाखतीला तमुक, चांगल्या जागेला वेगळा दर, आणि यातलं काहीच ‘जाहिरात’ म्हणून छापलं जात नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांखाली आला होता. पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणलं. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने २०१० साली नावानिशी सविस्तर अहवाल दिला, पण कौन्सिलने आधी त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर आला २०११ मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश निघाल्यावर. तुमच्या म्हणण्याप्रमाणे अशा मजकुराने मतं वळत नसतील, तर उमेदवार पैसे का मोजतात?

मी : कारण तो पैसा युक्तिवादासाठी दिलेला नसतोच. जाहिरातीत उमेदवार म्हणतो, मी चांगला आहे. वाचकाला कळतं की हे उमेदवार बोलतोय. पैसे देऊन छापलेल्या बातमीत मात्र ‘गावोगाव उत्स्फूर्त स्वागत’, ‘वातावरण ढवळून निघालं’ असं लिहिलेलं असतं. विकत घेतली जाते ती इतरांच्या मताची खबर. लोक काय म्हणतात ते लोकांनाच खोटं सांगायचं, म्हणजे विरोधातला माणूस स्वतःला एकटा समजून गप्प बसतो, कुंपणावरचा जिंकणाऱ्याकडे सरकतो, आणि जो उमेदवार दरपत्रकाप्रमाणे पैसे देऊ शकत नाही तो रिंगणात आहे हेही कुणाला कळत नाही. आजचं समाजमाध्यम हेच काम आणखी स्वस्तात करतं. एका खोलीत बसून शेकडो खाती चालवायची आणि अमुक विषयाची देशभर लाट आल्याचं दाखवायचं. पूर्वी बातमी येण्याची जागा आणि तिच्यावर बोलण्याची जागा वेगळी होती. अग्रलेख वर्तमानपत्रात आणि चर्चा चाळीच्या गॅलरीत व्हायची. तिथे निरनिराळ्या मतांची माणसं समोरासमोर असत, आणि कुणीतरी ‘हे खरं कशावरून?’ असं विचारी. आता व्हॉट्सअॅप गटात दोन्ही एकाच पडद्यावर आलं आहे. निरोप येतो तो काकांकडून किंवा वर्गमित्राकडून, म्हणून त्याला ओळखीचं वजन मिळतं, आणि तो मुळात कुठून निघाला ते कुणालाच ठाऊक नसतं. राईनपाड्याची अफवा चालली ती याच वजनावर. म्हणून माध्यमाची परीक्षा घेताना ते कोणत्या पक्षाच्या बाजूने लिहितं हा माझा पहिला प्रश्न नसतो. ‘मराठा’ उघडपणे समितीच्या बाजूचा होता आणि त्यात गैर काही नव्हतं, कारण वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावरून कळत होतं. मी विचारीन, की जे छापलंय त्याचे पैसे कुणी दिले हे वाचकाला कळतं का, आणि माझ्या तालुक्यात यंदा कोरडा पडलेला नळ त्यात येतो का.

अण्णा : आणि नाही आला तर?

मी : तर वाचकाने विचारलं पाहिजे, संपादकाला पत्र लिहून, नावानिशी. वाचकांच्या पत्रव्यवहाराचं सदर मराठी दैनिकांत अजून आहे. आणि पैसे घेऊन बातमी छापणं हा निवडणूक गुन्हा ठरवा, अशी मागणी प्रत्येक उमेदवाराकडे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, मत मागायला येईल तेव्हा केली पाहिजे. हे नवं काही नाही. निवडणूक आयोगाने हे सरकारला सुचवलं आहे, कायदा आयोगाने मार्च २०१५ मधल्या आपल्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ती दुरुस्ती अजून झालेली नाही.